जड ऑफ-रोड गाडी भाड्याच्या ट्रेलरवर न्यायची आहे, काय काय तपासू?

खडकवाट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे लँड क्रुझर ८० आहे. सस्पेन्शन उचललेलं, ३५ इंची टायर, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र), मागे जादा डिझेल टाकी, टपावर कॅरिअर आणि तंबू. एका लांबच्या खडकाळ ट्रेलवर जायचं ठरलंय. तिथपर्यंत महामार्गानं गाडी चालवत न्यायची इच्छा नाही. चिखलाचे टायर डांबरावर झिजतात, आवाजानं डोकं उठतं, आणि ट्रेलवर काही मोडलं तर परतीची सोय राहत नाही.

म्हणून ट्रेलर भाड्यानं घ्यायचा विचार आहे. ओढायला मित्राचा पिकअप आहे, त्याची ब्रेकवाला ट्रेलर ओढायची क्षमता ३,५०० किलो. ट्रेलरवाला म्हणतो, "साडेतीन टनी ट्रेलर आहे, डोळे झाकून न्या." गाडीच्या कागदांवर वजन २,२६० किलो आहे, म्हणजे भरपूर वाव दिसतोय. बेल्ट कुठे आणि कसे बांधायचे, दोन एक्सलचा ट्रेलर घ्यावा का, आणि आणखी काय बघावं, ते जाणकारांनी सांगावं.

सावकाश

बेल्टचं नंतर बघू. आधी एक सांगा, गाडी वजनकाट्यावर नेली आहे का?

कागदावरचं वजन कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचं असतं. तुम्ही लिहिलेली एकेक गोष्ट त्यावर मिळवत जा. लोखंडी बंपर, विंच, पाच मोठे टायर, कॅरिअर, तंबू. डिझेलचा एक लिटर म्हणजे साधारण ०.८४ किलो, त्यामुळे जादा टाकीत १०० लिटर असेल तर तिथेच ८४ किलो झाले. पाण्याचा हिशोब तर लिटरला किलो. त्यात हत्यारं, फ्रिज, दुसरी बॅटरी. तुमची गाडी २,२६० ला थांबलेली असणं मला शक्य वाटत नाही.

दुसरं, "साडेतीन टनी ट्रेलर" याचा अर्थ त्यावर साडेतीन टन ठेवता येतात असा होत नाही. तो आकडा ट्रेलर आणि त्यावरचा माल मिळून आहे. ट्रेलरच्या चेसिसवर पत्रा लावलेला असतो, त्यावर एकूण वजन आणि रिकामं वजन पाहा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमच्या हातात उरलेलं वजन.

रानजाई

सावकाश यांना +१. आमच्या गटात या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त गैरसमज होतात.

खडकवाट

पत्र्याचा फोटो मागवला. एकूण ३,५००, रिकामा ७९० किलो. म्हणजे २,७१० उरतात. गाडी उद्या काट्यावर नेतो.

मोकळीवाट

एवढी उस्तवार कशाला करताय? पुढची चाकं उचलणारी दोनचाकी डॉली घ्या. स्वस्त आणि हलकी, मागची चाकं रस्त्यावर फिरत राहतील.

अवजारपेटी

मोकळीवाट, कृपया हा सल्ला या गाडीसाठी देऊ नका. ८० सिरीजच्या बऱ्याच गाड्या कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या आहेत, मध्ये सेंटर डिफरन्शिअल असतं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारी दातेरी चाकांची पेटी. पुढची चाकं स्थिर आणि मागची महामार्गाच्या वेगानं फिरतायत असं झालं, तर तो सगळा फरक त्या डिफरन्शिअलला सतत सोसावा लागतो. तेल तापतं, आतले भाग खराब होतात. मागच्या एक्सलला ताकद नेणारा दांडा (प्रोपेलर शाफ्ट) काढून गाडी नेता येते, पण तेवढी खटपट करायची तर ट्रेलर काय वाईट? शिवाय एवढं वजन बहुतेक डॉलींच्या मर्यादेतही बसणार नाही.

खडकवाट, वजनाबरोबर रुंदीही मोजा. टेप घ्या आणि एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. बॉडीची रुंदी इथे कामाची नाही. ज्या ट्रेलरची चाकं फळीच्या बाजूला असतात, त्यांच्या दोन मडगार्डांमधली जागा ठरलेली असते आणि ते साध्या मोटारींच्या मापानं बनवलेले असतात. ऑफसेट रिम (चाकं बाहेर काढणाऱ्या) आणि रुंद टायर असले की गाडी अर्धी चढते आणि मडगार्डात अडकते. हमर एच१ तर जवळपास २.२ मीटर रुंद आहे, ती अशा ट्रेलरवर बसवायचा विचारही नको. चाकं फळीच्या खाली असलेला ट्रेलर मिळाला तर रुंदीचा प्रश्न मिटतो, पण फळी उंच होते. मग गाडीचा भार वर जातो, वळणावर जास्त झुकतो, आणि पूल, कमानी, पेट्रोल पंपाचं छत यांचा विचार करावा लागतो. तुमचा टपावरचा तंबू लक्षात ठेवा.

खडकवाट

काट्यावरून आलो. २,९८० किलो. मी गाडीत बसलेलो नसताना.

टायरच्या बाहेरच्या कडा १.९७ मीटर. ट्रेलरवाल्याला विचारलं, मडगार्डांमध्ये २.०५ मीटर आहे. रुंदी जमतेय, वजन जमत नाही. २७० किलो जास्त होतंय.

सावकाश

आकडा हातात आला हे उत्तम झालं. आता उतरवा काय उतरतं ते. तंबू आणि कॅरिअर, स्टेपनी, हत्यारांच्या पेट्या, पाणी, जादा टाकीतलं डिझेल. ट्रेलवर पोहोचल्यावर डिझेल भरता येईल.

खडकवाट

हिशोब केला. हे सगळं काढलं तर ३३० किलो कमी होतात, गाडी २,६५० वर येते. ट्रेलर धरून ३,४४०. पिकअपची मर्यादा ३,५००, म्हणजे आत बसलो. काढलेलं सामान पिकअपच्या हौद्यात टाकतो.

अवजारपेटी

थांबा, इथेच माणसं फसतात. पिकअपच्या कागदांत आणखी दोन आकडे असतील ते द्या. एक पिकअपचं स्वतःचं जास्तीत जास्त वजन, आणि दुसरा पिकअप अधिक ट्रेलर मिळून जास्तीत जास्त वजन. आणि तुम्ही दोघं बसून, टाकी भरून पिकअप किती भरतो तेही काट्यावर बघा.

खडकवाट

पिकअपचं जास्तीत जास्त वजन ३,०५० किलो. जोडीचं मिळून ६,००० किलो. आम्ही दोघं आणि भरलेली टाकी धरून पिकअप २,४५० भरला.

अवजारपेटी

मग मांडून दाखवते. २,४५० आणि ३,४४० मिळून ५,८९०. सहा हजारांच्या आत, ठीक. पण ते ३३० किलो सामान हौद्यात टाकलंत की ६,२२० होतात, म्हणजे जोडीची मर्यादा ओलांडली.

दुसरीकडेही अडतंय. ट्रेलर पुढे हिचच्या (पिकअपच्या मागच्या जोडणीच्या) बॉलवर भार टाकतो, तो पिकअपच्या अंगावर धरायचा. साधारण ३०० किलो धरू. सामान नसताना २,४५० अधिक ३००, म्हणजे २,७५०, काहीच अडचण नाही. सामान टाकल्यावर ३,०८०, तिथेही मर्यादेच्या वर.

म्हणजे "३,५०० ओढतो" हा एक आकडा खरा असूनही पुरेसा नाही. गाडीची जाहिरात तो एकच आकडा मोठ्या अक्षरात छापते, बाकीचे दोन आतल्या पत्र्यावर असतात. सामान दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जाऊ द्या.

रानजाई

ताई, हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

बॉलवरचा ३०० किलोचा आकडा कुठून काढला तेही सांगाल का?

अवजारपेटी

ट्रेलरच्या एकूण वजनाचा काही हिस्सा हिचवर हवाच. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात. युरोपातल्या गाड्यांना हिचवर इतका भार चालत नाही, तिथे प्रमाण बरंच कमी ठेवतात आणि वेगाची मर्यादाही कडक असते. पिकअपच्या हिचवर जो कमाल आकडा ठोकलेला असेल तो शेवटचा शब्द. खडकवाट, तो बघून ठेवा.

भार फारच कमी किंवा ट्रेलर मागे जड असेल, तर ट्रेलर डोलायला लागतो. वेग वाढला की डोलणं वाढतं आणि एका टप्प्यानंतर ते ओढणाऱ्या गाडीलाही फिरवतं. भार फार जास्त असेल तर पिकअपचं मागचं अंग बसतं आणि पुढच्या चाकांवरचं वजन कमी होऊन स्टिअरिंग हलकं पडतं.

हा भार गाडी फळीवर पुढे-मागे सरकवून जुळवायचा. कपलरपासून (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) ट्रेलरच्या एक्सलपर्यंत (दोन असतील तर दोन्हींच्या मध्यापर्यंत) समजा ४ मीटर आहेत. २,६५० किलोची गाडी १० सेंटिमीटर पुढे घेतली की हिचवर साधारण ६६ किलो वाढतात. वीतभर सरकवली तर दीडशेच्या आसपास फरक पडतो. म्हणून "बसली एकदाची" म्हणून बेल्ट बांधायला घेऊ नका. लँड क्रुझरचं इंजिन पुढे आहे, पुढे विंच आणि बंपर आहे, तेव्हा तोंड पुढे करून चढवणं सोयीचं. नेमकी जागा मोजून ठरवा.

मोजायची पद्धत सोपी आहे. पिकअप एकटा काट्यावर आहेच, २,४५०. आता गाडी लादलेला ट्रेलर जोडा आणि फक्त पिकअपची चारही चाकं काट्यावर घ्या, ट्रेलरची चाकं बाहेर. जे वाढेल तो हिचवरचा भार. जागा पक्की झाली की फळीवर चाकांपाशी खडूनं खूण करा, परतीला उपयोगी पडते.

खडकवाट

हिचवर ३५० किलो ठोकलंय. म्हणजे ३०० च्या आसपास ठेवतो.

नांगरफाळ

मी शेतीची अवजारं आणि ट्रॅक्टर ट्रेलरवरून नेतो, त्यामुळे चढवण्याबद्दल थोडं लिहितो. यात माणसांना इजा होते म्हणून नीट वाचा.

ट्रेलर पिकअपला जोडलेला असल्याशिवाय गाडी चढवायची नाही. जड गाडीची पुढची चाकं रॅम्पवरून फळीच्या मागच्या टोकावर आली की ट्रेलरचं मागचं टोक दबतं आणि पुढचं वर उठतं. जोडलेलं असलं तरी ते पिकअपचं मागचं अंग वर उचलतं. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची चाकं हलकी झाली की हँडब्रेक ओढलेला असूनही धरायला काही उरत नाही, आणि उतारावर असाल तर सगळी वरात चालायला लागते. म्हणून सपाट जागा निवडा, पिकअपच्या पुढच्या चाकांना ठोकळे लावा, आणि ट्रेलरच्या मागे टेकू असतील तर रॅम्प टाकण्याआधी खाली करा. टेकू नसतील तर मापाचे लाकडी ओंडके ठेवा.

उचललेल्या गाडीला रॅम्पचा कोन सहसा नडत नाही. पण रॅम्पवर किती किलो चालतात ते छापलेलं असतं, ते वाचा. स्वतःचा विंच असेल तर इंजिनच्या ताकदीनं चढवण्यापेक्षा विंचनं सावकाश ओढून घ्या. स्टिअरिंगवर एक माणूस, ब्रेकवर पाय. दोरीच्या रेषेत आणि गाडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, फोटो काढायलाही नाही.

सावकाश

नांगरफाळ, ठोकळ्यांचं लिहिलंत, फार बरं झालं.

आता बेल्ट. दुकानात "५ टनी" म्हणून मिळणाऱ्या बेल्टचं लेबल वाचा. युरोपीय मानकाच्या लेबलवर एलसी म्हणून आकडा असतो, डेकान्यूटनमध्ये, आणि एक डेकान्यूटन म्हणजे जवळपास एक किलोचा ओढा. बऱ्याचदा तिथे २,५०० आणि ५,००० असे दोन आकडे दिसतात. ५,००० हा बेल्ट वेढा घालून दुहेरी केल्यावरचा, सरळ ओढायला २,५००. काही बेल्टांवर तर तुटण्याचाच आकडा मोठा छापतात आणि कामाचा भार त्याच्या एक तृतीयांश असतो. पॉलिस्टरच्या बेल्टला निळं लेबल असतं. लेबल फाटलेलं किंवा बेल्टची कड कापलेली असेल तर तो वापरू नका, भाड्याच्या ट्रेलरबरोबर आलेला असला तरी.

किती ताकद हवी? माल बांधण्याचे नियम जोरात ब्रेक लागल्यावर पुढे जाणारा ओढा वजनाच्या ०.८ पट धरतात, बाजूला आणि मागे ०.५ पट. २,६५० ला ०.८ म्हणजे २,१२० किलो. तो अडवणारे बेल्ट कुठले? गाडीच्या मागच्या भागातून मागे ओढणारे. बरेच जण पुढच्या बाजूला जाड साखळी लावतात आणि मागे बारीक बेल्ट. ते उलटं आहे.

त्यात कोन आला. १,५०० किलो कामाचा भार असलेले दोन बेल्ट ४५ अंशात खाली गेले, तर आडव्या दिशेला प्रत्येकी साधारण ७० टक्केच उपयोगी पडतात. दोन्ही मिळून जेमतेम २,१२०, म्हणजे हाताशी काहीच उरत नाही. तेच बेल्ट लांबवर बांधून कोन ३० अंशावर आणला की २,६०० च्या आसपास मिळतात. बेल्ट तेच, फक्त कडी लांबची. मी तरी २,५०० वालेच घेईन. चारही कोपऱ्यांना एकेक, आणि मागे जोडीला एक जादा.

अवजारपेटी

बांधायची जागा मी सांगते. या गाडीला पुढे-मागे दोन्ही सलग एक्सल (दोन चाकांना जोडणारी अखंड नळी) आहेत, तेव्हा बेल्ट एक्सलला बांधा, चेसिसला नको. चेसिसला बांधलं तर खड्ड्यात स्प्रिंग दबते, बेल्ट क्षणभर ढिला पडतो, हुक निसटतो. एक्सल चाकांवर उभा असतो, टायर वगळता तिथे हलायला काही नाही, आणि वर बॉडी आपल्या स्प्रिंगवर हलत राहते.

एक्सलभोवती पट्टा घालताना ब्रेकची नळी, एबीएसची तार आणि पुढचा स्टिअरिंग रॉड यांच्यावरून तो जाता कामा नये. नळी पट्ट्याखाली चेपली तर ट्रेलवर पोहोचल्यावर ब्रेकच नसतील. हात आत घालून, दिवा धरून बघा. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांना असा एक्सल नसतो, त्यांना चाकावरून जाणारे जाळीचे पट्टे लागतात.

आणखी एक. गाडी फळीवर आल्यावर ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीचा) दांडा न्यूट्रलमध्ये राहू देऊ नका. तो न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरबॉक्स "पी" मध्ये किंवा गिअरमध्ये असूनही चाकं मोकळी राहतात.

चाकोरी

मी ट्रेलर भाड्यानं देण्याच्या कामात आहे. यार्डात उभे असताना काय बघावं ते लिहितो, कारण घाईत बरेच जण बघत नाहीत.

टायर आधी. नक्षी चांगली दिसते, कारण ट्रेलर चालतो कमी आणि उभा जास्त राहतो. वय बघा. टायरच्या बाजूला चार अंकांचा शिक्का असतो, ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर दुसरा ट्रेलर मागा, संकोच करू नका. हवा थंड टायरला, त्यावर लिहिल्याप्रमाणे. स्टेपनी आहे का आणि तिचे नट उघडणारा पाना आहे का, तेही बघा, कारण पिकअपचा पाना बसेलच असं नाही.

मग बॉल. जगात बऱ्याच ठिकाणी ५० मिलिमीटरचा, अमेरिकेत २ इंच आणि २ ५/१६ इंच दोन्ही चालतात. मोठ्या कपलरखाली छोटा बॉल ठेवला तर कुलूप लागल्यासारखं वाटतं आणि खड्ड्यात निसटतं. कपलर लावल्यावर जॉकी चाकानं (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं वर-खाली होणारं छोटं चाक) तोच वर उचलून बघा, पिकअपचं मागचं अंग त्याच्याबरोबर उठलं पाहिजे.

विजेची जोडणी ७ पिनी की १३ पिनी, ते आदल्या दिवशी विचारा. सुरक्षा साखळ्या कपलरच्या खालून एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या. ब्रेकअवे केबल पिकअपच्या पक्क्या जागी लावा, साखळीत अडकवू नका. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक ओढायचं काम तिचं आहे.

आणि विम्याचं लेखी घ्या. ट्रेलरला इजा, ट्रेलरमुळे दुसऱ्याला इजा आणि ट्रेलरवरच्या गाडीला इजा हे तीन वेगळे प्रश्न आहेत, तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. लायसन्सचंही तसंच. एवढ्या वजनाचा ट्रेलर साध्या लायसन्सवर ओढता येतो की नाही, हे देशागणिक बदलतं.

खडकवाट

चाकोरी, मनापासून आभार. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहेत, विजेचे नाहीत. त्यानं चालवण्यात काही फरक पडतो का? वाटेत मोठा उतार आहे.

नांगरफाळ

पडतो. ओव्हररन ब्रेक ट्रेलरनं मागून ढकललं की लागतात. लांब उतारावर तुम्ही खालच्या गिअरात इंजिनवर गाडी धरलीत तरी ट्रेलर ढकलतच असतो, म्हणजे त्याचे ब्रेक सगळा उतार थोडे थोडे घासत राहतात आणि तापतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग खाली आणा, खालचा गिअर घ्या, आणि उतार फार लांब असेल तर मध्ये थांबा. थांबल्यावर हबजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथे ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय.

ट्रेलर डोलायला लागला तर विजेच्या ब्रेकवाल्यांना कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात आणि ट्रेलर सरळ होतो. तुमच्याकडे ती सोय नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, उलट-सुलट फिरवायचं नाही, जोरात ब्रेक दाबायचा नाही. वेग उतरला की डोलणं थांबतं. मग बाजूला घेऊन वजन मागे सरकलंय का, हवा कमी झालीये का ते बघा.

वेगाबद्दल एवढंच सांगतो. ८० ऐवजी १०० नं गेलात तर थांबवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते. सहा टनांच्या जोडीला हा फरक फार मोठा आहे.

खडकवाट

ट्रेलवरून परत आलोय, सगळ्यांना सांगायला हवं म्हणून लिहितो.

सामान दुसऱ्या गाडीतून गेलं. पहिल्यांदा गाडी जशी बसली तशी मोजली तर हिचवर २१० किलोच भरले. थोडी पुढे घेतल्यावर ३०५ झाले. डोळ्यांना त्या दोन जागांमध्ये काही फरक दिसत नव्हता. ट्रेलरबरोबर आलेल्या बेल्टांपैकी दोघांना लेबलच नव्हतं, ते बाजूला ठेवले आणि नवे घेतले. निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून बघितलं तर चारही बेल्ट किंचित ढिले झाले होते, परत ओढले, त्यानंतर हलले नाहीत. बेल्टाला एक पीळ दिल्यामुळे वाऱ्याची फडफडही झाली नाही.

एक विचारायचं आहे. परतीला गाडी चिखलानं भरली होती म्हणून आधी धुतली. ते आवश्यक होतं का, की मी उगाच वेळ घालवला?

अवजारपेटी

योग्य केलंत. चेसिसच्या कप्प्यांत आणि चाकांच्या आत साठलेल्या चिखलाचं वजन पुष्कळ होतं, तुमच्याकडे तर मोजके ६० किलो शिल्लक होते. शिवाय सुकलेली ढेकळं मागून येणाऱ्याच्या काचेवर उडतात. आणि चिखलानं माखलेल्या एक्सलवर पट्टा घट्ट बसल्यासारखा वाटतो, खालचा चिखल निघाला की ढिला पडतो.

रानजाई

उतरवताना क्रम काय ठेवलात? आमच्याकडे या बाबतीत नेहमी वाद होतात.

खडकवाट

चढवतानाचं सगळं परत केलं. सपाट जागा, पिकअप जोडलेलाच, पुढच्या चाकांना ठोकळे, मागचे टेकू खाली. मग एक माणूस गाडीत बसून ब्रेक दाबून धरतो, तो "धरलाय" म्हणाल्याशिवाय शेवटचा बेल्ट सोडायचा नाही. विंचची दोरी बेल्ट सोडण्याआधीच ताणून ठेवली होती, आणि उतरताना ती हळूहळू सोडत गेलो.